विशू, हलणं व्हावं!

कर्जतला स्टेशनबाहेर वडापाव घ्यायला थांबलो, गाडी नीट लावावी म्हणून मागे घेतली, आणि ती जाऊन आदळली मोटर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. रस्त्यात रिक्षा होत्या, टेंपो होते, मधोमध रवंथ करणारी एक म्हैस होती. एवढं सगळं सोडून मी नेमकी अशी गाडी निवडली की जिच्या टपावर लाल अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलं होतं आणि जी बिचारी जागच्या जागी उभी होती. काच फुटल्याचा आवाज आला. ती माझी की तिची, हे बघायला मी मान वळवतोय तोच त्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात वर करून बाहेर आले. टोपी पांढरी, दाढी पांढरी, आणि आता चेहराही पांढरा.

"मी काय नाय केलं मॅडम! गाडी चालूच नाय केली! चावी हातात हाय माज्या, ही बघा!"

"अबूबकर चाचा, अहो तुम्ही बसा आत. तुमची काही चूक नाही. ज्याची आहे त्याला मी बघते."

डावीकडचं दार उघडून मॅडम उतरल्या. सलवार-कमीज, ओढणीला गाठ, कपाळावर चढवलेला गॉगल. त्यांनी आधी आपल्या फुटलेल्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे आणि शेवटी, सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू म्हणून, माझ्याकडे.

"अहो, तो आरसा काय दाढी करायला दिलाय का गाडीला?"

"सॉरी मॅडम, मला वाटलं मागे..."

"वाटलं? अहो, गाडी चालवताना वाटायचं नसतं, बघायचं असतं. लायसन्स काढलंय की कुणी वाढदिवसाला दिलंय?"

हा आवाज मी ओळखला. माणसाचा चेहरा वीस-बावीस वर्षांत बदलतो, अंग सुटतं, केस जातात. पण तुच्छतेची एक पट्टी असते, ती कायम राहते. माझ्या आयुष्यात इतक्या वरच्या पट्टीतली तुच्छता मी एकाच व्यक्तीकडून ऐकली होती.

"हर्षला?"

तिने गॉगल काढला. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"संत्या! तरीच म्हटलं, उभी गाडी शोधून ठोकायला एवढा हुशार कोण आलाय कर्जतात!"

आणि ते 'अहो' जे गेलं ते गेलंच.

तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. "अरे रुपेश, स्टेशनला ये नि गाडी घेऊन जा. चाचांना पण घरी सोड. नाय, मी नाय ठोकली. माज्या कॉलेजातल्यानं ठोकली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो," ती म्हणाली, "त्याच कॉलेजातल्या."

मग माझ्या गाडीचं दार उघडून ती आत बसली. "कळंबला चाललायस ना? मोकळीकला?"

"तुला कसं कळलं?"

"खादीचा झब्बा घातलायस. एरवी तू असली थेरं करत नसशील. चल, मला पण तिकडंच जायचंय. पोरगी सकाळपासून जाऊन बसलीय. कान धरून आणायचीय."

वडापाव राहिला. गाडी चालू केली. कर्जतबाहेरच्या चार फाट्यापर्यंत तिने मला जे सांगितलं ते थोडक्यात असं: तिची मुलगी रूपा बारावी झाली. बी. फार्मसीला नंबर लागला. सीट पक्की करायची मुदत उद्याची. आणि काल ती शांतपणे म्हणाली की मला एक वर्ष मोकळीकला राहायचंय, फार्मसीचं पुढच्या वर्षी बघू. आज तिथे जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, नव्या मुलांचं स्वागत. त्यात ही जाऊन बसलेली.

"ज्या खड्ड्यातनं मी तीन वर्षांनी वर आले, त्यात पोरगी पोहायला निघालीय," हर्षला म्हणाली. "गिअर बदल. इंजिन रडतंय."

मोकळीक म्हणजे काय, हे सांगायला हवं. आम्ही तिथे तीन वर्षं काढली आणि तरी आम्हालाही ते नीट सांगता येत नाही, यातच त्या संस्थेचं सगळं शैक्षणिक यश आलं. कळंबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईची मोठी नोकरी सोडून आलेल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी जमीन घेतली आणि कॉलेज काढलं. त्यात परीक्षा नव्हती, घंटा नव्हती, वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. शिक्षकांना 'सहप्रवासी' म्हणत. प्रवास कुठे चाललाय हे मात्र त्यांनाही माहीत नसे. गणिताचा तास आंब्याखाली असायचा. आंबा होता, गणित नव्हतं. एका सहप्रवाशाने तर आम्हाला आठवडाभर 'प्रश्न कसा विचारावा' हे शिकवलं, आणि शेवटी मी विचारलं की उत्तर कधी शिकवणार, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं सत्र आमचं संडास खणण्यात गेलं. दुसरं सत्र, तो विहिरीच्या वरच्या अंगाला खणला गेलाय असं लक्षात आल्यामुळे, बुजवण्यात गेलं. याला 'श्रमातून बोध' म्हणत. बोध एवढाच झाला की विहिरीच्या वर संडास खणू नये, आणि तो आम्हाला कुणाच्याही आजीने फुकटात दिला असता.

आसपासचे लोक त्याला 'मोकलं कॉलेज' म्हणायचे. त्यांच्या भाषेत मोकलं म्हणजे रिकामं. हे नाव मूळ नावापेक्षा फार बरं होतं.

अशा ठिकाणी मी का गेलो? मी डोंबिवलीचा. इंजिनिअरिंगला नापास झालो होतो आणि आईला 'परीक्षा नाही' हे दोन शब्द औषधासारखे वाटले. बाकीचीही मुलं याच दर्जाची. पुण्याची एक मुलगी, जिला आईवडिलांनी विचार करायला पाठवलं होतं. वांद्र्याचा एक मुलगा, जो स्वतःला शोधायला आला होता. आठवड्याने त्याचे वडीलच त्याला शोधत आले आणि घेऊन गेले. आणि हर्षला.

हर्षला आली ती चुकून. तिचे वडील कोंडीराम मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. स्टाफ क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर. हर्षलाला बारावीला मार्क कमी पडले, कुठे प्रवेश मिळेना, आणि कोंडीरामांना कुणीतरी सांगितलं की कळंबच्या पुढे एक नवीन कॉलेज आहे, स्थानिक मुलींना फी नाही. ते येऊन बघून गेले. फाटकावर 'कॉलेज' असा बोर्ड होता. त्यांनी बोर्डावर विश्वास ठेवला. आयुष्यभर कंपनीत काम केलेला माणूस; ज्या टाकीवर जे लिहिलंय तेच टाकीत असतं, असा त्यांचा अनुभव.

मुलाखतीत विचारलं, "मूळ गाव?" कोंडीराम म्हणाले, "कडाव." झालं. दाढीवाल्या गृहस्थांचे डोळे चमकले. कडाव म्हणजे भात. म्हणजे शेती. म्हणजे ही मातीची लेक. मुलगी जन्मली, वाढली ती कंपनीच्या भोंग्यावर. कडावला गेली असेल ती आत्याच्या लग्नापुरती. तिने भात पाहिला होता तो कुकरमधला. पण कुणी विचारलंच नाही. पहिल्याच पावसाळ्यात बेणणी निघाली, म्हणजे भातातलं गवत उपटायचं काम, आणि सगळ्यांसमोर जाहीर झालं: "आज हर्षला आपली गुरू. तिच्या हातांना हे ज्ञान जन्मतःच आहे."

अठरा वर्षांची पोरगी. सगळे तिच्याकडे अपेक्षेने बघतायत. ती काय म्हणणार, मला येत नाही? तिने ओढणी खोचली, चिखलात उतरली आणि एकेकावर ओरडायला सुरुवात केली. "हे उपट! ते नको! तू काय झोपलास काय रं, मुळासकट काढ!" एवढ्या अधिकाराने ती ओरडत होती की आम्ही दुपारपर्यंत अर्धं खाचर साफ केलं. संध्याकाळी शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला, त्याने खाचरभर नजर फिरवली आणि म्हणाला, "गवत मस्त राखलंय. भात कशाला काढला?"

यावर वर्तुळ भरलं. मोकळीकमध्ये काहीही बिघडलं की वर्तुळ भरायचं, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून आपापल्या भावना सांगायच्या. त्या दिवशीही सगळ्यांनी आपापल्या भावना सांगितल्या. उपटलेल्या भाताला कुणी विचारलं नाही. शेवटी ठरलं की हे अपयश नाहीच, हा 'तणाशी झालेला संवाद' आहे, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हर्षला माझ्या शेजारी बसली होती. टाळ्या न वाजवता पुटपुटली, "येड्यांचा बाजार हाय नुसता."

तिथून आमची मैत्री.

पण मोकळीकचा खरा नियम सांगायचा राहिला. तिथे सगळे समान. म्हणून कुणी कुणाला सर, मॅडम, दादा, ताई म्हणायचं नाही आणि 'अहो' तर मुळीच नाही. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने आणि 'तू' म्हणायचं. संस्थापकांचं नाव विश्वंभर. वय तेव्हा पन्नाशीच्या घरात, दाढी छातीपर्यंत. त्यांना म्हणायचं विशू. "विशू, तू जेवलास का?" आम्ही शहरातली पोरं दोन दिवसांत सरावलो. तिसऱ्या दिवसापासून मजाच वाटू लागली. घरी बापाला जे म्हणायची हिंमत नव्हती ते इथे दाढीवाल्याला म्हणायला मिळत होतं. स्वयंपाकाच्या भागूबाईंनाही आम्ही समतेने 'तू' म्हणू लागलो. त्यांना त्यात समता काही दिसली नसावी, कारण त्यांना आधीपासून सगळे 'तू'च म्हणत आले होते. भागूबाई मात्र विशूला शेवटपर्यंत 'सायेब' म्हणाल्या.

आणि हर्षलाच्या तोंडून 'तू' निघेना.

नियम मोडायचा तर वर्तुळ भरणार. 'तू' म्हणायचं तर जीभ वळत नाही. मग तिने एक नवीनच मराठी तयार केली. त्यात कर्ताच नसायचा. "विशू, जेवण झालं का?" "विशू, येणं कधी होणार?" "विशू, चहा ठेवलाय, पिणं होईल का?" विशूला बसा म्हणायचं तर ती म्हणायची, "इथं बसायला हरकत नाय." तीन वर्षं ती या व्याकरणावर जगली. व्याकरणाची एवढी मेहनत मोकळीकमध्ये दुसऱ्या कुणी केली नाही, आणि केली असती तर वर्तुळ भरलं असतं.

एकदा विशू ओट्यावर ध्यानाला बसले होते आणि त्यांच्या पाठीमागून एक चांगली मनगटाएवढी जाड धामण सरपटत आली. हर्षला समोरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. तिने कळशी टाकली. 'हला' म्हणावं तर नियम मोडतो. 'हल' म्हणावं तर जीभ मोडते. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "विशू, मागं साप हाय! हलणं व्हावं!"

विशूंनी डोळे उघडले, त्या वाक्यरचनेवर क्षणभर विचार केला, आणि तोवर धामण त्यांच्या मांडीवरून पलीकडे निघूनही गेली. आम्ही आठवडाभर एकमेकांना आंघोळीला उठवताना "हलणं व्हावं" म्हणत होतो. ती हसायची नाही.

तीन वर्षं संपली. पदवी नव्हतीच. त्याऐवजी निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला एकेक रोप दिलं. कोंडीराम कंपनीतून अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या हातात तामणाचं रोप आलं. ते घेऊन बापलेक एसटीने मोहोपाड्याला गेले. क्वार्टरच्या जिन्यात शेजारी भेटले. विचारलं, "काय, पोरगी पास झाली?" कोंडीरामांनी पिशवीत बघितलं आणि म्हणाले, "झाड झालं."

कुंडीत लावलं, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. ते पुढच्या उन्हाळ्यात गेलं.

त्यानंतर हर्षलाने काय करायचं? हातात कागद नाही. कुठे विचारलं की 'शिक्षण?' तर सांगायला धड काही नाही. येत होतं एकच. मोकळीकमध्ये एक जुनाट जीप होती. ती चालवायला कुणी तयार नव्हतं, कारण तिला ब्रेक होते की नाही यावर सहप्रवाशांत मतभेद होते. भाजी आणायला नेरळला जायचं म्हणून हर्षला ती चालवायला शिकली. शिकवलं कुणीच नाही, दोन वेळा कुंपणातून आरपार गेली, तिसऱ्यांदा रस्त्यावरून गेली. त्या जिवावर ती खोपोलीत एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागली. बायकांना बाई शिकवते म्हणून गर्दी झाली. तिथेच रुपेश शिकायला आला आणि चाचणीत एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा नापास झाला. शेवटी दोघांनी लग्न केलं. आता कर्जतला स्वतःचं स्कूल आहे, दोन गाड्या आहेत. तिथे नियम एकच: सगळ्यांनी तिला मॅडम म्हणायचं आणि ती सगळ्यांना अहो म्हणणार. नुकती मिसरूड फुटलेली पोरं असतात, त्यांनाही. "अहो क्लच! अहो, क्लच म्हटलं मी! अहो, मरायचंय का तुम्हाला?" अपवाद फक्त रुपेश. तो 'अरे'. तो म्हणतो, नापास झालो त्याची शिक्षा भोगतोय.

हे सगळं ती मला गाडीत सांगत होती, मधूनमधून हँडब्रेकवर हात ठेवत. कडाव मागे गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्टांचे बोर्ड लागले. भात पोटरीएवढा उंच झाला होता आणि त्यात उभं राहून मुंबईची मंडळी स्वतःचे फोटो काढत होती.

"हे बघ," ती म्हणाली. "आपला विशू जरा लवकर जन्माला आला. नायतर हेच करून मोकळा झाला असता."

मी धीर करून विचारलं, "हर्षला, तुला तेव्हा एवढं काय जड होतं गं? एक 'तू' तर म्हणायचं होतं."

तिने हँडब्रेकवरचा हात काढला. समोर एक टेंपो चालला होता, तो बघत राहिली.

"माज्या आज्याचं नाव राघो," ती म्हणाली. "कडावात शेंबडं पोरगं पण त्याला हाक मारायचं, ए राघ्या. म्हातारा झाला, दात पडले, तरी राघ्या. बाप कंपनीत लागला तेव्हा पयल्या दिवशी गेटवरचा वॉचमन त्याला म्हणाला, अहो कोंडीराम, इकडून या. बापानं घरी येऊन आईला ते सांगितलं. जेवताना परत सांगितलं. आमच्या खानदानात तो पयला अहो. तो घेऊन मी तुमच्या कॉलेजात आले, आणि तुमी दारातच सांगितलंत, इथं कुणी कुणाला अहो म्हणायचं नाय, ते जुनाट हाय." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घरात अहोचा ढीग पडलेला. तुमी टाकून द्या की. आमच्याकडं आत्ता कुठं आला होता, तो वापरून तरी बघू द्यायचा."

मी तिच्याकडे बघतच गाडी हाकत होतो.

"तोंड काय बघतोस? पुढं म्हैस हाय."

मोकळीकचं फाटक आता दगडी झालंय. मातीच्या भिंती आहेत, पण माती कुठल्यातरी कंपनीची वाटते. जुनं झोपडं होतं तिथे 'मौनगृह' आणि त्यावर एसीची पेटी. मौन घामाघूम होऊ नये म्हणून असेल. जुने विद्यार्थी जमले होते. सगळ्यांनी खादी घातली होती आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. प्रत्येक जण सांगत होता की मोकळीकने आपलं आयुष्य बदललं. कसं, ते विचारलं तर म्हणत, शब्दांत नाही सांगता येणार. त्यांच्यातले निम्मे जाहिरात कंपन्यांत होते.

विशू सत्तरीच्या पुढे गेलेत. दाढी आता पोटापर्यंत. हर्षलाला बघून ते दोन्ही हात पसरून आले. "हर्षला! आमच्या मातीची लेक! तू आलीस!"

"नमस्कार," हर्षला म्हणाली. "तब्येत बरी दिसते. काठी आली वाटतं हातात."

बावीस वर्षांनंतरही कर्ता नव्हता. मी खाली बघून हसू दाबलं. तिने माझ्या पायावर पाय दिला.

रूपा खाचराच्या बांधावर नव्या मुलांबरोबर बसली होती. आईसारखीच काटक, केस आखूड, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आईला बघून तिने हात केला, उठली मात्र नाही. हर्षला तिच्याकडे निघाली, तेवढ्यात विशूंनी टाळी वाजवली आणि वर्तुळ भरलं. आता मध्ये जाऊन मुलीचा कान धरणं म्हणजे चाळीसेक खादीवाल्यांच्या भावना ऐकून घेणं. ती माझ्या शेजारी बसली. "संपलं की उचलते तिला," ती म्हणाली. "उद्या सीट गेली तर हिला पण झाड देतील."

विशू बोलू लागले. मुळं, फांद्या, आकाश. मी जांभई दिली. मग ते खाचराकडे वळले.

"आज आपण सगळे मिळून बेणणी करणार आहोत. आणि योग बघा, आपल्यात पुन्हा एक कडावची लेक येऊ पाहतेय. रूपा! हे ज्ञान हिच्या हातांना जन्मतःच आहे. ये रूपा, दाखव गं आम्हाला, तण कसं ओळखायचं."

हर्षलाने माझं कोपर धरलं. तिची नखं झब्ब्यातून टोचत होती. सगळे रूपाकडे अपेक्षेने बघत होते. अगदी तसेच. विशू तसेच हसत होते, भाबडे, प्रेमळ, काहीही न विचारता. आता पोरगी जीन्स आणखी वर खोचणार, चिखलात उतरणार आणि ओरडायला लागणार, असं मलाच वाटलं.

रूपा उठली. जीन्सची माती झटकली.

"विशू, मला नाही येत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. दुकानात एखादी वस्तू नाही म्हणून सांगतात तसं. "मी कर्जतला बाजारपेठेच्या मागं राहते, तिसऱ्या मजल्यावर. आणि आईला पण येत नव्हतं. तू तिला तेव्हा विचारलंच नाहीस. मला तरी विचार आधी, मला काय येतं ते."

बांधावर कुणीतरी खोकलं. चाळीस माणसं, आणि एकाच्याही भावना वर येईनात. विशू दाढी कुरवाळत उभे होते. मला वाटलं, आता 'संवाद' निघणार. पण त्यांनी हर्षलाकडे बघितलं, मग त्या पोरीकडे, आणि जरा ओशाळून म्हणाले, "बरं. काय येतं तुला?"

"गणित येतं. गाडीचं इंजिन खोलता येतं. आणि भात खाता येतो."

सगळे हसले. विशूही हसले, मग काठी टेकत बांधावरच खाली बसले. "मलाही ओळखायला येत नाही," ते म्हणाले. "अजून."

यावर अर्थातच टाळ्या पडल्या. माणूस इतकी वर्षं ज्या जमिनीवर राहतोय तिच्यातलं गवत ओळखत नाही, यावर टाळ्या वाजवणारी जागा जगात ही एकच. मी हे हर्षलाच्या कानात सांगायला वळलो, तर तिचं लक्ष नव्हतं. तिने माझं कोपर सोडलं होतं. ती पोरीकडे बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटतं, ती 'तू तिला विचारलंच नाहीस' हे वाक्य स्वतःच्या तोंडात घालून बघत होती.

वर्तुळ सुटलं. हर्षला तडक रूपाकडे गेली. मी मागे. मला वाटलं, आता कान.

"चादर आणलीस?"

रूपाने तिच्याकडे रोखून बघितलं. "आणलीय."

"इथली घोंगडी घेऊ नकोस. चावते. आणि जेवताना मागून घे, ते वाढत नायत. म्हणतात, आपली भूक आपण ओळखायची. भागूबाई हाय का अजून?"

"तिची सून आहे. आवडीताई."

"तिला तरी अहो म्हण."

"म्हणते," रूपा म्हणाली. "त्या म्हणाल्या, नको म्हणून. मी म्हटलं, मला म्हणायचंय."

हर्षलाने मान हलवली, पोरीच्या केसांतून एकदा हात फिरवला, तोही जरा जोरातच, आणि वळून चालू लागली. फाटकाशी विशू उभे होते. त्यांनी हात जोडले. ती थांबली. आज तरी, मला वाटलं, एक कर्ता पडणार. ती म्हणाली, "पोरीला बेणायला लावू नका." म्हणजे कर्ता आला, पण तो 'तुम्ही' होता, नियम मोडून, तोंडावर, चारचौघांत. विशूंनी मुकाट मान डोलावली. वर्तुळ भरलं नाही.

परतताना गाडी तिनेच चालवली. मला डावीकडे बसवलं, पट्टा लावायला लावला आणि आरशाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. कडावपर्यंत ती मोकळीकला नावं ठेवत होती. भिंती, एसी, मिठ्या, खादी, मौन, विशूची दाढी. मी हसत होतो, अधूनमधून भर घालत होतो. बावीस वर्षांत एवढा मनसोक्त हसलो नव्हतो. आणि मग मला उद्याची मुदत आठवली.

"अगं पण हर्षला," मी म्हटलं, "एवढं सगळं असताना फार्मसीची सीट सोडून पोरीला तिथं ठेवून कशाला आलीस?"

तिने गिअर टाकला.

"नावं ठेवायला तिलाबी आपलं आपलं कायतरी नको का रं!"